बेस्तरवारचा पाऊस

रामूने ट्रान्झिस्टर घेतला त्या सालापासून खारपाड्यात दोन हवामानखाती झाली. एक चामड्याच्या पिशवीतलं, ते रविवारी संध्याकाळी आठवड्याचा अंदाज सांगायचं. दुसरं रामूच्या बापाचं, ते मनाला येईल तेव्हा बोलायचं, आणि एकदा बोललं की त्यावर कुणी उलट विचारायचं नाही.

बाप म्हणजे जोमा, मिठागराचा मुकादम. कामणच्या रस्त्याखाली खाडीला लागून बारा घरांचा पाडा, सगळी एकाच भावकीची. दिवाळीनंतर बांध घालायचे, उधाणाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत तापवायचं आणि होळीच्या आसपास मीठ ओढायला लागायचं, हे सगळं जोमाच्या शब्दावर चालायचं. तीस वर्षांत त्याचा पावसाचा शब्द दोनदा चुकला असेल, आणि दोन्ही वेळा चूक पावसाचीच असं पाड्याने ठरवून टाकलं होतं.

एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात मात्र जोमा खाटेवर होता. पोटात पाणी झालं होतं. पाय सुजून खांबासारखे झालेले, गाल आत गेलेले. ताप चढायचा, उतरायचा, आणि दर उतराला धोंडूबाई त्याच्या अंगाखालची गोधडी बदलायची. वसईच्या डॉक्टरने तपासून घरीच ठेवा म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ तिला त्याच दिवशी कळला होता. रामूला तो कळून घ्यायचा नव्हता. त्याची बायको हंसा सासऱ्याचं सगळं करायची आणि या विषयावर बोलायची नाही.

त्या रविवारी संध्याकाळी रामूने ट्रान्झिस्टर ओटीवर आणून ठेवला. उत्तर कोकण किनारपट्टीवर येत्या आठवड्यात हवामान मुख्यत्वे कोरडे राहील, कमाल तापमानात फारसा फरक संभवत नाही, असं एक बाई सांगत होती. आवाज मोठा स्वच्छ होता. तिला कुठल्या वाफ्यात पाय घालायचा नव्हता.

रामू खूश झाला. बत्तीस वाफ्यांत हंगामाचं शेवटचं मीठ धरलं होतं. आता ते करंगळीएवढं जाड होतं. आणखी पाच-सहा दिवस ऊन मिळालं असतं तर दुप्पट झालं असतं, दाणा मोठा आणि पांढरा. मग ओढायचं, राशी घालायच्या, वर पेंढा टाकायचा आणि मृगाची वाट बघायची. त्या शेवटच्या मिठावर बारा घरांचा पावसाळ्याचा तांदूळ होता. तो गेला तर चार महिने कशावर काढायचे हे कुणाला सांगता आलं नसतं.

खाटेवरून जोमाने रेडिओ बंद करायला सांगितला आणि हंसाला मीठ आणायला लावलं.

ही त्याची रीत होती. सुकं मीठ उजव्या मुठीत घ्यायचं, एक विडी ओढून होईल एवढा वेळ मूठ दाबून धरायची आणि उघडायची. मीठ सुटून खाली पडलं तर हवा कोरडी. तळव्याला चिकटलं तर चार दिवसांच्या आत पाऊस. पाड्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी हा प्रयोग करून पाहिला होता. पण मीठ बोलतं ते जोमाच्याच मुठीशी, असा सगळ्यांचा विश्वास होता, आणि जोमाने तो कधी खोडून काढला नव्हता.

मूठ उघडली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ काळूराम दारात उभा होता. मिठाचा गोळा झाला होता. जोमाने हात पालथा केला तरी पडेना.

"बेस्तरवारी पाऊस," जोमा म्हणाला. "उद्यापासून ओढा."

रामूने रेडिओचं नाव काढून पाहिलं. चार दिवस थांबू या, दाणा तरी मोठा होईल, असंही म्हणाला.

"तुज्या रेडिओला हात हाय का?" जोमाने विचारलं.

काळूराम काहीच बोलला नाही. तो वळला आणि घरोघर सांगायला गेला. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस. बुधवारी दिवस मावळायच्या आत बत्तीस वाफे मोकळे व्हायला हवे होते.

काळूराम बोलला नाही याला सहा वर्षांचं कारण होतं. सुतकात अळणी जेवायचं हे सगळीकडेच आहे. पण खारपाड्यात कुणी गेलं की तीन दिवस भावकीतला एकही माणूस मिठाला हात लावत नाही, ना चुलीपाशी ना वाफ्यात. बारा घरं भावकीचीच, म्हणजे अख्खं मिठागर बंद. हा नेम जोमाच्या आज्यापासूनचा, आणि जोमाइतका तो कुणी कडक पाळला नव्हता. सहा वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, काळूरामचा थोरला मुलगा दामू बांधावर साप चावून गेला. वीस वर्षांचा होता. आभाळ भरून आलेलं, वाफे मिठाने भरलेले. सरण विझायच्या आधी काळूरामने भावाच्या पायावर डोकं ठेवलं होतं. माझा गेला तो गेला, बारा घरांचं मीठ नको घालवू, मी बाप आहे, मी परवानगी देतो, लोकांना कामाला जाऊ दे, असं तो रडत सांगत होता. जोमाने नेम म्हणजे नेम एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि तासाभरात सगळं मीठ विरघळून खाडीला गेलं. त्या पावसाळ्यात पाड्याने रानातले कंद खाल्ले. आणि ज्यांनी खाल्ले त्यांनी नाव जोमाला ठेवलं नाही. दामू मेला आणि मीठ घेऊन गेला, असं म्हणायची लोकांना सवय लागली. काळूरामची बायको भागूबाई ते ऐकून विहिरीवर जायची बंद झाली. माणसं अशी असतात, त्याला इलाज नाही.

सोमवारी पहाटेपासून माणसं वाफ्यांत उतरली. लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून कडेला आणायचं, वाफ्यातल्याच खाऱ्या पाण्यात खळबळून माती काढायची, पाटीत भरून बांधावर न्यायचं. जाड मीठ असतं तेव्हा फळी खडखडत जाते आणि हातालाही बरं वाटतं. हे पातळ मीठ फळीखाली मोडत होतं आणि खालचा चिखल वर घेऊन येत होतं. दहा वाजेपर्यंत ऊन असं झालं की वाफ्याकडे बघवेना. हंसाच्या मानेवरून पाटीतलं खारं पाणी गळत होतं आणि गळ्यातल्या काळ्या पोतीखाली तिची कातडी सोलून निघाली होती. रामूच्या टाचेत कडक मिठाचा कंगोरा घुसला. त्याने चिंधी बांधली, ती भिजली, त्याने सोडून टाकली आणि तसाच ओढत राहिला.

मंगळवारी बेसिल पेंढ्याच्या गाड्या घेऊन आला. तो पलीकडच्या वाड्यांतला, केळीचा बागायतदार, पाड्याला दरसाल पेंढा तोच द्यायचा. बांधावर उभा राहून त्याने राशीकडे पाहिलं, डोक्यावरच्या निरभ्र आभाळाकडे पाहिलं आणि मीठ ओढताय की दुधावरची साय काढताय म्हणून काळूरामला विचारलं. त्याच्या वाडीत अजून दिवसाआड पाणी चालू होतं. पावसाचं चिन्ह कुणालाच दिसत नव्हतं. काळूरामने दादाचा शब्द आहे एवढंच सांगितलं. बेसिल जोमाला ओळखून होता, तो पुढे हसला नाही, पण त्याचा गाडीवान हसला. ते सगळ्यांनी ऐकलं आणि कुणी मान वर केली नाही.

त्या दिवशी दुपारी रामूने बांधावर बसून ट्रान्झिस्टर लावला. हवामान कोरडंच होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने फळी खाली ठेवली. काळूरामने येऊन रेडिओ बंद केला, पिशवीची गुंडी लावून रामूच्या हातात दिला आणि स्वतः ती फळी उचलली. भावावर त्याचा जितका राग होता तितकाच भावाच्या अंदाजावर विश्वास होता. दोन्ही गोष्टी त्याच्यात शेजारी शेजारी राहत होत्या.

मंगळवारी संध्याकाळी जोमाने धोंडूबाईला जवळ बसायला सांगितलं. रामू आणि हंसा विहिरीवर अंग धुवायला गेले होते. किती वाफे राहिले ते त्याने विचारलं. नऊ, ती म्हणाली. तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला.

"मी उद्या दिस काढीन का नाय, सांगवत नाय. मी गेलो त वरडू नको."

तिला आधी समजलंच नाही.

"मीठ राशीला लागू दे. पेंढा परू दे. मंग वरड." तो थांबला. "दामूच्या येलेला काळूरामनी पाय धरलं माजं. मी आयकला नाय. पोराचा नाव खराब झाला, ता माज्यामुलं झाला. आता माज्यापायी परत नको."

धोंडूबाई म्हणाली की नेम तुम्हीच पाळत आलात, आता मला मोडायला सांगता. त्यावर त्याने तिचा हात धरला. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने चारचौघांतच काय, एकांतातही कधी तिचा हात असा धरला नव्हता. तिने हो म्हटलं. नाही म्हणून करते काय.

बुधवारी सगळे अंधारातच गेले. धोंडूबाईने भात टाकला, सुक्या बोंबलांचं कालवण केलं, मीठ घातलं, झाकून ठेवलं. मग ती खाटेपाशी आली तेव्हा जोमाला घाम सुटला होता. कपाळावर, छातीवर, हातांवर. तिने पदराने पुसलं, परत आला, परत पुसलं. तळवे तर धुतल्यासारखे ओले होते. त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. कौलातून उन्हाचा पहिला कवडसा भिंतीवर आला होता तेव्हा तो गेला.

तिने तोंडात पदर कोंबला. बाई रडते कशी ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण न रडायचं कसं तेही कुणी शिकवलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने त्याचे डोळे मिटवले, हनुवटीखाली धडुतं बांधलं, पाय सरळ केले आणि गळ्यापर्यंत गोधडी ओढली. मग दार ओढून घेतलं आणि त्याच्या उशाशी बसून माश्या वारत राहिली. बाहेर कोंबड्या होत्या, ऊन होतं, खाडीवरून मीठ ओढल्याचा आवाज येत होता. तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि हातात बांगड्या. त्या आपल्या नाहीत असं तिला सारखं वाटत होतं, चोरून घातल्यासारखं.

दुपारी हंसा भात न्यायला आली. मामा जागे आहेत का म्हणून तिने विचारलं.

"आताच डोला लागलाय. आत जाऊ नको."

हंसाने दारातूनच पाहिलं. गोधडी, उशी आणि दाराकडे असलेला डोक्याचा माथा. ती समाधानाने वळली आणि सासूला जेवलीस का विचारलं. मागून जेवीन, धोंडूबाई म्हणाली. मागून तू जेवत नाहीस, चार दिवस बघते आहे, असं म्हणून हंसाने तिला हाताला धरून चुलीपाशी बसवलं, ताट वाढलं आणि समोर उभी राहिली. पोर मायेने करत होती. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि त्या का ला उत्तर नव्हतं.

धोंडूबाईने घास उचलला. कालवणात मीठ बरोबर पडलं होतं. भिंतीपलीकडे नवरा गार पडलेला आणि ही खारट भात गिळते आहे. चौथ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हंसाने कालवण तिखट झालं का विचारलं. झालं, ती म्हणाली, आणि ताटातलं सगळं खाल्लं.

पाट्या डोक्यावर घेताना हंसाने विचारलं, "मामा काय बोलला? येल ना पाऊस?"

"येल बोलला," धोंडूबाई म्हणाली. "हात उचला बोलला."

हंसा उतारावरून जवळजवळ पळतच गेली. तिच्या टाचा फुटलेल्या होत्या, तरी पळाली. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपण शब्द घातले, आणि त्या शब्दांवर ही पोर पळते आहे, हे बघून धोंडूबाईला दारात उभं राहवेना.

तिसऱ्या प्रहरी माश्या फार झाल्या. जोमाचा उजवा हात गोधडीबाहेर आला होता, तो आत घ्यायला तिने उचलला. आता तो सहज उचलला जात नव्हता. तळवा वर होता. सुका, पांढरा, सुरकुतलेला. सकाळी हाच हात आपण पदराने तीनदा पुसला, ती मनाशी म्हणाली, आणि तिथेच थांबली.

ती उठली, मिठाच्या मडक्यापाशी गेली आणि मूठभर मीठ घेऊन खाली बसली. विडी ओढून होईल एवढा वेळ तिने मूठ दाबून धरली. उघडली. मीठ बोटांच्या फटींतून सुटलं आणि जमिनीवर पडलं, तळव्यावर एक दाणा राहिला नाही. तिने डाव्या हाताने केलं. तेच झालं. तिने परत उजव्याने केलं.

रविवारी संध्याकाळी त्याचा ताप उतरत होता. तिनेच गोधडी बदलली होती, पिळावी इतकी ओली. त्या हातात त्याने मीठ धरलं होतं. पाऊस आभाळात नव्हताच. त्याच्या अंगात मरण शिरत होतं, ते मिठाने सांगितलं, आणि बारा घरांनी त्याला पाऊस समजून तीन दिवस पाठ मोडून घेतली.

आता गप्प राहायचं कारणच उरलं नव्हतं. दार उघडून एक हाक मारली असती तर सगळे धावत आले असते, तिला मोकळेपणाने रडता आलं असतं. पाऊस येणारच नाही तर मीठ जाणार कसलं? पण बांधाकडून फळ्यांचा आवाज येत होता. तीन वाफे उरले असतील, दोन असतील. सुटं केलेलं मीठ तीन दिवस तसंच पडलं तर चिखलात जाईल. आणि हाक ऐकून माणसं आली, कुणी विचारलं, कधी गेला, कसा गेला, घाम आला होता का, आणि रामूने किंवा काळूरामने दोन आणि दोन चार केले तर? तीस वर्षं ज्याच्या हातावर पाडा जगला त्याचा हात शेवटी घामाने फसला, हे तिला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तिने सांडलेलं मीठ दाणा दाणा वेचलं आणि परत उशाशी जाऊन बसली.

दिवस खाडीत टेकला तेव्हा माणसं वर येताना दिसली. राशींवर पेंढा पडला होता, सुंभाने आवळून वर दगडही ठेवले होते. रामू पुढे होता, लंगडत, आणि बापाला सांगायला म्हणून दुरूनच तोंड उघडून येत होता. धोंडूबाई अंगणात आली. तिने दोन्ही हात ओटीच्या दगडावर आपटून बांगड्या फोडल्या आणि मग ती ओरडली. दिवसभराचं सगळं त्या ओरडण्यात होतं. पलीकडच्या वाड्यांतही ते ऐकू गेलं म्हणतात.

जोमाला आंघोळ घालायला काळूराम बसला. भावकीतले आणखी दोघे पाणी घेऊन उभे होते. काळूरामने भावाचा हात कोपरात दुमडायला पाहिला, तो दुमडेना. खांदा धरून पाहिला. आताच गेलेल्या माणसाचं अंग असं नसतं, हे पोटचा पोर न्हाऊ घातलेल्याला कुणी सांगायला नको. त्याने दोघांना तांब्या ठेवून बाहेर थांबायला सांगितलं आणि उरलेलं सगळं एकट्याने केलं. दार उघडून बाहेर आला आणि लाकडं काढायला सांगितली. कंदिलाच्या उजेडात खाडीवरच सरण रचलं. रामूने अग्नी दिला.

गुरुवारी सगळा पाडा ओटीओटीवर बसून आभाळाकडे बघत होता. काही नव्हतं. चिंचोटीचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्वच्छ दिसत होता. पाऊस येणार म्हणून नऊ वाफ्यांतलं पातळ मीठ कालच्या एका दिवसात ओढलेलं, हातांना फोड आलेले, आणि वर पांढरं फटफटीत ऊन. संध्याकाळपर्यंत थांबू, कुणीतरी म्हणालं. शुक्रवारी वाराही पडला. शनिवारी इतकं तापलं की मोकळ्या वाफ्यांत राहिलेल्या पाण्यावर नवी साय धरली, आणि नेमामुळे तिला कुणी हात लावू शकत नव्हतं. थांबलो असतो तर मीठ दुप्पट झालं असतं, हे मोठ्याने कुणी म्हटलं नाही. मेलेल्याच्या दारात बसून असं बोलत नाहीत. पण अळणी भात चिवडताना प्रत्येक घरात तेच चाललं होतं, आणि ते धोंडूबाईला भिंतीपलीकडून कळत होतं.

रामूचा रेडिओ खुंटीवर होता. आपण खरे ठरलो याचा त्याला इतका त्रास होत होता की त्याने पिशवीवर बापाचं जुनं धोतर टाकून ठेवलं. हंसाने एकदा ते काढायला हात लावला तर तिच्यावर खेकसला, आणि मग स्वतःच पडवीत जाऊन रडला.

रविवारी सकाळी नेम सुटला. माणसं फळ्या घेऊन वाफ्यांकडे गेली. काळूराम मागे राहिला. आता मुकादम तोच होता. डोक्यावर रिकामी पाटी घेऊन तो जोमाच्या दारात आला, पाटी खाली ठेवली आणि पायरीवर बसला. धोंडूबाई उंबऱ्याच्या आत होती.

"वयनी, एक इचारतो. दादाला मी न्हायला घातला. सकालीच गेला होता ना?"

"हो."

"आनि तू दिसभर गप ऱ्हायलीस. हंसा सांगते, जेवलीस पन." त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्यानी सांगितलान का तुना तसा?"

या प्रश्नाचं उत्तर तिने चार दिवस तयार ठेवलं होतं. नेमासाठी ज्याने सख्ख्या भावाचं ऐकलं नाही त्याने स्वतःसाठी मात्र नेम मोडायला लावला, असं पाडा म्हणाला असता. पाऊस तर चुकलाच होता. निदान नेम तरी त्याच्या नावावर राहू दे.

"नाय," ती म्हणाली. "माज्या मनानी केला. मीठ जाल म्हनून जीव भ्याला माजा."

काळूराम मान हलवत राहिला. मग त्याने सांगितलं की नेम मोडल्याचं प्रायश्चित्त तुला घ्यावं लागेल, पुढचा हंगाम तू वाफ्यात उतरायचं नाहीस. ती बरं म्हणाली. तो उठला, पाटी उचलली आणि अंगणात जाऊन परत थांबला.

"मना वाटला, त्यानीच सांगितला असल." तो तिच्याकडे बघत नव्हता. "सा वर्सा वाट बगली वयनी. एकदा तरी बोलल, काळूराम, त्या साली चुकला माजा. नाय बोलला. ह्या टायमाला दादाचा हात धरला न् तो वलला नाय, तवा मना बरा वाटला, खोटा कशाला बोलू. वाटला, जाता जाता तरी मोडलान त्यानी नेम. म्हंजे त्याला दामू आठवला असल." त्याने पाटी डोक्यावर ठेवली. "पन त्यानी नाय मोडला. तू मोडलास."

तो उतारावर निघाला. धोंडूबाई उंबऱ्यात उभी राहिली. तेरा दिवस तिने दार ओलांडायचं नव्हतं. खाली वाफ्यांतून बायका वर बघत होत्या. ती उघड्या कपाळाने, उघड्या हातांनी बाहेर आली आणि त्याच्या मागे चालत पहिल्या बांधापर्यंत गेली.

"भावजी."

तो थांबला.

"खोटा बोलली मी. त्यानीच सांगितला. मंगलवारी, माजा हात धरून. तुजा नाव घेतलान, दामूचा नाव घेतलान. काळूरामनी पाय धरलं नि मी आयकला नाय, बोलला. पोराचा नाव माज्यामुलं खराब झाला, बोलला."

काळूरामने पाटी खाली ठेवली. ती ठेवताना कलंडली आणि बांधावरून गडगडत वाफ्यात गेली, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो तिथेच मातीवर बसला. दामूला अग्नी देताना जो रडला होता तो काळूराम त्यानंतर कधी कुणी रडताना पाहिला नव्हता. आता तो गुडघ्यांत डोकं घालून रडत होता, आणि तो भावासाठी रडत होता की मुलासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. धोंडूबाई शेजारी उभी होती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. खालून भागूबाई वर यायला निघाली होती.

मग त्याने पंच्याने तोंड पुसलं आणि आभाळाकडे पाहिलं. तिथे आजही काही नव्हतं.

"पन पाऊस?" त्याने विचारलं. "दादा असा कसा चुकला?"

"वारा फिरला असल," धोंडूबाई म्हणाली.

काळूरामला ते पटलं. तो पाटी शोधायला वाफ्यात उतरला, आणि ती भागूबाईबरोबर घराकडे वळली.